अ‍ॅल्युमिनियमचा तुटका कान

पुण्याच्या एका वाचकांनीं विचारलें आहे कीं, त्यांच्या मोटारीच्या एंजिनावर थर्मोस्टॅट झांकणारें जें अ‍ॅल्युमिनियमचें ओतीव बोळकें असतें, त्याचा बोल्ट अडकविण्याचा कान तुटला आहे. तो घरीं जोडतां येईल काय? घरांत दोन पक्ष पडले आहेत. वडील मंडळी म्हणतात, नवें बोळकें आणावें. पुतण्यानें मात्र झाळण्याची कांडी व गॅसचा टॉर्च आणून ठेविला आहे. पुढल्या महिन्यांत सर्व कुटुंबाला घेऊन गाडी लग्नासाठीं मुंबईस जावयाची आहे, म्हणून निर्णयाची घाई.

तुकडा लहान खरा, पण एंजिनांतलें उकळत्याच्या बेताचें पाणी याच बोळक्यांतून रेडिएटरकडे जातें. परतीच्या वाटेवर खोपोली सोडून बोरघाट चढतांना जोड सुटला, तर पाणी कांहीं मिनिटांत रस्त्यावर येईल. अशा वेळीं उष्णता दाखविणारा कांटा कधीं कधीं वर चढण्याऐवजीं खालीं येतो, कारण त्याचें टोंक कोरडें पडलेलें असतें. चालविणारा निश्चिंत राहतो, आणि एंजिनाचें अ‍ॅल्युमिनियमचें डोकें तापून वांकतें. मग खर्च बोळक्याचा राहत नाहीं.

हा धातु आपल्या स्वयंपाकघरांत ‘जर्मन’ या नांवानें पिढ्यान्‌पिढ्या वावरला, तरी त्याचा स्वभाव फारसा कोणी ओळखीत नाहीं. कल्हईवाला तांब्यापितळेचें भांडें उजळून देई, पण जर्मनच्या पातेल्याला हात लावीत नसे. कारण अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर त्याच्याच गंजाची एक अदृश्य साय सदोदित असते. खरवडून काढली तरी हवा लागतांच ती पुन्हां धरते, आणि तिच्यावर दुसरा धातु बसत नाहीं. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेंटिग्रेडला वितळतें. ही साय वितळावयास दोन हजारांहून अधिक अंश लागतात. दुसरी खोड अशी कीं, लोखंडाप्रमाणें हें लाल होऊन इशारा देत नाहीं. एंजिनाच्या ओतीव भागांत बहुधा सिलिकॉन मिसळलेलें असतें, व तसलें मिश्रण ५७० अंशांच्या सुमारास विरघळूं लागतें. रंग न बदलतां तुकडा एकाएकीं बसतो. जोडायला घेतलेल्या वस्तूचा गोळा हातीं येतो.

पुतण्यानें आणलेली कांडी बहुधा जस्ताच्या मिश्रणाची असेल. ती ३९० अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे तिच्यांत व मूळ तुकड्यांत सुमारें एकशेंऐशी अंशांचें अंतर पडतें, आणि घरगुती काम जमतें तें या अंतरामुळेंच. तुकडा एंजिनावरून उतरवून, पेट्रोलपासून दूर, मोकळ्या हवेंत काम करावें. ओतीव धातु तेल पितो. म्हणून धुवून झाल्यावर तो जरा ऊन करावा, वर आलेलें तेल पुसावें, आणि असें दोनतीनदां करावें. स्वच्छतेसाठीं क्लोरीनयुक्त द्रावण वापरूं नये. त्याचा अंश राहून वर ज्योत लागली तर विषारी वायु निघतो. सांध्याला कानशीनें खांच पाडून तो नव्या स्टेनलेस तारेच्या ब्रशानें घासावा. मग साध्या साबणाची एक रेघ ओढून तुकडा मागून तापवावा. साबण तपकिरी होऊन काळा पडला, म्हणजे उष्णता साडेतीनशें-चारशें अंशांच्या घरांत आली असें समजावें. कांडी ज्योतींत धरूं नये. ती तुकड्याच्या उष्णतेनेंच वितळली पाहिजे. वितळलेल्या थेंबाखालीं पोलादी टोंकानें खरवडलें म्हणजे साय फाटते, पण हवा आंत येत नाहीं. सारी विद्या या खरवडण्यांत आहे.

इतकें सांगूनहि पुतण्याची निराशा करणें भाग आहे. ही कांडी झांकणाला पडलेलें भोंक बुजवावयास उत्तम, थंड जागच्या आधाराचा कोपरा सांधावयासहि चालेल. परंतु बोल्टाचा कान रात्रंदिवस ताणाखालीं असतो, आणि जस्त शंभर अंशांच्या आसपास सततच्या ओढीनें हळूहळू सरकतें. जोड पहिल्या दिवशीं दगडासारखा वाटेल व कांहीं महिन्यांनीं ढिला पडेल. धातूची पूड घातलेल्या दोन नळ्यांच्या लुकणाचीहि तीच गत. पाझर थांबवील, ओढ सोसणार नाहीं.

नवें बोळकें मिळत असेल तर वडील मंडळींचेंच ऐकावें. परंतु जिचें उत्पादन बंद होऊन दोन तपें लोटलीं अशी गाडी असेल, तर तुकडा टिग वेल्डिंग करणाऱ्याकडे न्यावा. तेथें आर्गन वायु हवेला दूर ठेवतो, आणि उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह आपल्या एका फेऱ्यांत ती हट्टी साय उडवून लावतो. कारागिराचें काम थोड्या वेळाचें. त्याच्या आधींचें व नंतरचें घरींच करावें. आधीं अंगावर दुसरी भेग आहे काय तें पाहावें. रॉकेल चोळून पुसून टाकावें व खडूची पूड फांसावी. भेगेंत मुरलेलें रॉकेल पुडीवर रेघ उमटवितें. वेल्डिंगनंतर भोंक पाडून बैठक सपाट करावी. जाड कांचेवर पॉलिशकागद पसरून त्यावर बोळकें आठाच्या आकड्यांत फिरवावें. सर्व बैठक सारखी चकाकली कीं काम झालें.

कान मुळांत तुटला कां, हें पाहिल्याविना बोल्ट आवळूं नयेत. बहुतेक वेळां बैठकीवर पांढरी भुकटी धरलेली असते, तिनें बैठक उंचसखल होते, आणि आवळतांना अधांतरीं राहिलेला कान मोडतो. ही भुकटी वर्षानुवर्षें नळाचें वा विहिरीचें पाणी ओतल्याचें फळ होय. गंजरोधक शीतकद्रव ऊर्ध्वपातित पाण्यांत मिसळून घालावा, गॅस्केट नवें लावावें, व दोन्ही बोल्ट आळीपाळीनें थोडे थोडे आवळावेत, गाडीच्या पुस्तकांत दिला असेल तेवढ्याच जोरानें.

गाडीचें डोकें, स्टिअरिंग, ब्रेक यांचे तुकडे मात्र घरच्या ज्योतीपुढें कधींच आणूं नयेत. तसेंच कांहीं एंजिनांचीं झांकणें मॅग्नेशियमचीं असतात, आणि त्यांचा कीस पेटला तर पाण्यानें अधिकच भडकतो. घासलेल्या जागीं व्हिनेगरचा थेंब टाकून पाहावा. मॅग्नेशियम लगेच फसफसतें, अ‍ॅल्युमिनियम तसेंच राहतें.

बोळकें बसविल्यावर एंजिन अर्धा तास चालवावें, पूर्ण निवूं द्यावें, सांध्याभोंवतीं कोरडा कागद फिरवून पाहावा. लग्नाआधीं सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत दोन फेऱ्या झाल्या तर बरें, आणि त्या फेऱ्यांना पुतण्यालाच पाठवावें.