समभागाचा भाव आणि यंत्राचे मोल

राजूर हे अकोले तालुक्यातील, भंडारदऱ्याच्या वाटेवरचे, आदिवासी पट्ट्याच्या बाजारपेठेचे गाव. तेथील एका चहाच्या दुकानात परवा चार तरुण मोबाईल पुढ्यात ठेवून वाद घालीत होते. विषय होता तेजस नेटवर्क्स या कंपनीचा.

"नवी ऑर्डर येऊ दे, पुन्हा हजारापार जातो बघ," एक म्हणाला.

"आधी तिमाही बघ. उगाच अडकशील," दुसऱ्याने बजावले.

कंपनी नेमके काय बनवते, असे विचारताच चौघेही घोटाळले. "ब्रॉडबँडचं काहीतरी," एवढेच उत्तर आले.

दोष केवळ त्या चौघांचा नाही. देशातील डीमॅट खात्यांची संख्या २०२५ मध्ये २० कोटींच्या पुढे गेली; परंतु उद्योगाचा भागीदार होणे आणि त्याच्या भावावर पैज लावणे यांतील भेद सुशिक्षित घरांतूनही पुसला जात आहे.

बंगळुरूची तेजस २००० साली स्थापन झाली. काचतंतूतून प्रकाशाच्या रूपाने येणारी माहिती एक्स्चेंजमधून शेकडो जोडण्यांना वाटणारी आणि घरात वा ग्रामपंचायतीत ती पुन्हा उलगडणारी यंत्रे ती बनवते. २०२१ मध्ये टाटा समूहाने तिचे नियंत्रण घेण्याचा करार केला. २०२३ मध्ये बीएसएनएलच्या ४जी जाळ्यासाठी तिला टीसीएसकडून ७,४९२ कोटी रुपयांची मागणी मिळाली. सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांनी उभारलेल्या या स्वदेशी प्रणालीचे लोकार्पण पंतप्रधानांनी २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे केले. मोजक्याच देशांना साधलेली ही गोष्ट आहे.

आणि बाजाराचे काय? २०२४ च्या मध्यास १,४०० रुपयांपार गेलेला समभाग २०२५ मध्ये निम्म्याहून खाली आला. कारण गूढ नव्हते. एका मोठ्या ग्राहकाची मागणी पुरी होत आली होती. २०२४-२५ चा महसूल ८,९०० कोटींहून अधिक होता. पुढील वर्षाच्या पहिल्या तिमाहीत तो जेमतेम २०० कोटी उरला. अफवेवर चढलेले लोक आकड्यावर आपटले. भाव चढताना जे 'राष्ट्रनिर्माण' होते, ते उतरताना 'फसवणूक' ठरले! राष्ट्रप्रेमाची ही कोणती तिमाही पद्धत?

दूरसंचाराचे यंत्र ही साबणाच्या वडीसारखी वस्तू नव्हे. २०२० च्या गलवान संघर्षानंतर, जून २०२१ पासून, जाळ्यात जोडावयाची उपकरणे विश्वासार्ह स्रोतांकडूनच घ्यावीत, असा दंडक सरकारने घातला. आपल्या संवादाची किल्ली परक्याच्या खिशात असणे म्हणजे काय, हे तेव्हा उमगले.

परंतु स्वदेशीचा शिक्का म्हणजे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे, हेही तितक्याच कठोरपणे सांगितले पाहिजे. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटचे १२८ जोडण्यांचे ग्रामीण एक्स्चेंज लोकांनी स्वीकारले, ते वातानुकूलनाविना, धुळीत आणि उन्हात चालले म्हणून. घाटघर-रतनवाडीचा पाऊस कोणाचा झेंडा पाहून थांबत नाही. २०११ मध्ये मंजूर झालेली, पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली योजना रखडली, कारण तार टाकणे म्हणजे सेवा देणे, असा समज होता. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १.३९ लाख कोटींच्या सुधारित योजनेत दहा वर्षांच्या देखभालीचा अंतर्भाव करावा लागला, तो याच अनुभवातून.

या महाराष्ट्राला गुंतवणुकीचा दुसरा संस्कार ठाऊक होता. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने माणशी एकेक पैसा जमवून १९०८ मध्ये तळेगावी काचेचा कारखाना उभा केला. पैसा देणारा उद्याचा भाव विचारीत नव्हता. आपल्या देशात काच बनते की नाही, हे विचारीत होता. आज गावोगावी पोहोचणारा तंतूही काचेचाच आहे.

कोणी नफा सोडावा, असे आमचे म्हणणे नाही. हिशेब मागणे हा भागधारकाचा हक्क आहे, किंबहुना कर्तव्य आहे. मग तो पुरता मागा! संशोधनावर खर्च किती? एकाच ग्राहकावर भिस्त किती? बिघडलेले यंत्र दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात? सरकारलाही विचारा, की एकदाच प्रचंड मागणी देऊन नंतर कारखाना रिकामा ठेवल्यास स्वदेशी उद्योग तगणार कसा?

हे प्रश्न ज्याला विचारावेसे वाटत नाहीत, त्याने खुशाल पैज लावावी. मात्र तिला स्वदेशी म्हणू नये.