अर्ज छापला म्हणजे पेटंट मिळाले नाही

जळगाव-धुळ्यात एखाद्या प्राध्यापकाच्या प्रोजेक्टरला किंवा वायरलेस यंत्राला ‘पेटंट मिळाले’ अशी बातमी आली की सत्कार ठरलेलाच. पण बातमीमागचा कागद कुणी वाचतो का? अनेकदा त्यावर एवढेच असते: अर्ज प्रसिद्ध झाला.

अर्ज 18 महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापला जातोच. जादा फी भरली तर त्याआधीही. कल्पना नवी आहे का, हे छापण्यापूर्वी तपासले जात नाही. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते. त्यात टिकले तरच पेटंट, तेही अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे. छापील अर्जाला पेटंट म्हणणे म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरून पेढे वाटणे.

यात नुकसान मोबाइल-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या आपल्या पोरांचे. एखादा खरोखर नवी जोडणी करतो आणि हौसेने व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. संपले! जगजाहीर झालेली गोष्ट कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी 1600 रुपये आणि तपासणीची 4000, हे त्याला कुणी सांगितलेच नाही.

आपण सभांमध्ये इब्न अल-हैथम यांचे नाव अभिमानाने घेतो. अकराव्या शतकात त्यांनी बारीक छिद्रातून पडणारी ग्रहणातल्या सूर्याची प्रतिमा अभ्यासली. ऐकीव मतावर ते विसंबले नाहीत. प्रयोग करून पडताळले. त्यांचा वारसा सांगायचा असेल तर हार घालण्याआधी विचारा: पेटंट क्रमांक कुठे आहे? आणि दुकानातल्या पोराला सांगा: आधी अर्ज, मग व्हिडिओ.