‘मॉरिबंड’, ‘मुमूर्षू’ आणि आपला शोकाचा सोस

मराठीच्या भवितव्यासंबंधी जे समीक्षालेखन होत असते, त्यात ‘मॉरिबंड’ हा इंग्रजी शब्द विलक्षण सैलपणे वावरताना दिसतो. लघुनिबंध मॉरिबंड, ग्रामीण कादंबरी मॉरिबंड, विद्यापीठांतील मराठीचे विभाग मॉरिबंड आणि अखेरीस मराठी भाषाच मॉरिबंड! पहिल्या तीन विधानांविषयी मतभेद होऊ शकतील. शब्दयोजनेविषयी तक्रार करता येणार नाही. चौथे विधान मात्र निराळ्या कोटीतील आहे. तेथे एक रूपक शास्त्रीय निदानाचा वेष धारण करते आणि तो वेष तपासून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही.

‘मरणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेल्या या विशेषणाचे इंग्रजीत निदान तीन वापर आहेत. पहिला वैद्यकातला. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने रुग्णांची जी प्रतवारी केली आहे, तिच्या पाचव्या वर्गात ‘मॉरिबंड’ रुग्ण येतो. म्हणजे शस्त्रक्रियेवाचून जो जगण्याची अपेक्षा नाही असा. येथेही हा शब्द उपचाराचे दार बंद करीत नाही, हे ध्यानात घ्यावे. दुसरा वापर लाक्षणिक : संस्थेचे, चळवळीचे वा वाङ्मयप्रकाराचे चैतन्य ओसरणे. तिसरा भाषाविज्ञानातला. १९९२ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात मायकेल क्राउस यांनी जगातील भाषांवरील संकटाविषयी जो लेख लिहिला, त्यात मुले जी भाषा मातृभाषा म्हणून शिकत नाहीत तिला ‘मॉरिबंड’ म्हटले आहे. प्रजननक्षमता गमावलेल्या प्राणिजातीशी त्यांनी या अवस्थेची तुलना केली. जात अद्याप जिवंत आहे, परंतु तिला पुढची पिढी नाही. भाषकांची संख्या, ग्रंथनिर्मिती, राजमान्यता यांपैकी कशालाही या व्याख्येत स्थान नाही. निकष एकच : घरात मूल कोणती भाषा आपली म्हणून उचलते?

‘एक्स्टिंक्ट’ ही याच्या पुढची अवस्था. अलास्कातील एयाक भाषा क्राउस यांच्या दीर्घ अभ्यासाचा विषय होती. ते लिहीत होते तेव्हा ती मॉरिबंड होती. २००८ मध्ये मेरी स्मिथ जोन्स यांच्या निधनाबरोबर तिचा अखेरचा जन्मजात भाषक गेला. पहिल्या शब्दात अवधी आहे, दुसऱ्यात तो संपलेला आहे. ‘नामशेष’ हा आपला शब्द दुसऱ्या अवस्थेला चपखल बसतो, कारण तेथे खरोखरच नाव तेवढे शेष राहते. पण आपल्या लेखनात ‘मृत’, ‘मृतप्राय’, ‘लुप्त’ आणि ‘नामशेष’ हे शब्द एकाच परिच्छेदात एकमेकांची जागा घेत असतात. अवस्थांचा भेद नष्ट झाला की करावयाच्या कामांचा भेदही नष्ट होतो.

‘मॉरिबंड’साठी आपण सहजी ‘मुमूर्षू’ योजतो, आणि येथे गोंधळ अधिकच वाढतो. इतिहासाचार्य राजवाडे यांच्यामुळे हा शब्द मराठीच्या चर्चेत रुजला. ‘मुमूर्षू’ हे इच्छार्थक रूप आहे : मरू इच्छिणारा. संस्कृत वैयाकरणांनी केवळ संभाव्यता दर्शविण्यासाठीही ही रचना मान्य केली आहे. कोसळू पाहणारा नदीचा काठ वा मरू घातलेले कुत्रे ही त्यांचीच उदाहरणे. काठाला कोसळण्याची इच्छा नसते. तथापि मराठी कानाला त्यातील इच्छेचा ध्वनी लपत नाही. माझ्या मते राजवाड्यांना तो हवाच होता. व्याकरणाच्या त्या व्यासंगी अभ्यासकाने तो शब्द चाबकासारखा वापरला : मराठी भाषकच आपल्या भाषेला मरू देण्यास राजी झाले आहेत, हा त्यातील आरोप. तो आरोप होता, रोगनिदान नव्हते. राजवाडे १९२६ मध्ये निवर्तले. त्यांच्या आरोपाला आज क्राउस यांच्या व्याख्येची जोड देऊन शास्त्रीय सिद्धान्त म्हणून मांडणे, हा दोघांवरही अन्याय आहे.

यावर कोणी २०११ च्या जनगणनेतील सव्वाआठ कोटींहून अधिक मराठी भाषकांचा आकडा पुढे करील. मी तो करणार नाही; संख्या हा निकष नव्हे, असे एकदा म्हटल्यावर सोयीपुरता तिचा आश्रय घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. गावागावांत मुले आजही मराठीतच प्रथम बोलतात, एवढे कारण पुरेसे आहे. उच्च शिक्षण, वैद्यक, वरिष्ठ न्यायालय यांत मराठीला जागा नसणे ही खरी व्यथा आहे. पण तो क्षेत्रसंकोच आहे, मृत्यू नव्हे. त्याचे उपाय परिभाषा, पाठ्यग्रंथ आणि शासनव्यवहार यांत शोधावे लागतात. ज्या शहरी घरांत आईवडील परस्परांशी मराठी आणि मुलांशी केवळ इंग्रजी बोलतात, तेथे मात्र क्राउस यांचा निकष गंभीरपणे लावावा. ते निदान त्या घरांचे असेल, समग्र भाषेचे नव्हे.

हा शब्दच्छल नाही. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलली जाते. कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी तिचे नाते निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. कोर्कू आणि मराठी यांचा थर तिच्यावर जाड चढला आहे. कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तिचे भाषक काही हजारच. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत स्वतंत्रपणे येत नाहीत, त्यामुळे तेथे ती दिसत नाही. केवळ संख्या अल्प म्हणून तिलाही डोळे मिटून मॉरिबंड ठरवू नये. तिच्या घरांत जाऊन मुले काय बोलतात हे ऐकावे. ‘मॉरिबंड’ या शब्दाने विचारलेला प्रश्न तोच आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. गौरवाच्या भाषणांत अभिजात आणि चर्चासत्रांत मुमूर्षू, अशा दुहेरी व्यवहारात आपली भाषाचिंता सुखेनैव नांदते आहे. स्वतःच्या भाषेचा अकाली शोक करण्यात एक सोय असते : शोक करणाऱ्यावर कामाची जबाबदारी येत नाही आणि शेजारच्या भाषेकडे पाहण्याची गरजही उरत नाही. ज्या तालुक्यात मराठी हीच दुसऱ्या भाषेवर चढलेला थर आहे, तेथे स्वतःला मरणासन्न म्हणवून घेण्याचा अधिकार तिला कोणी दिला, या प्रश्नाचे उत्तर मराठीच्या समीक्षकांना द्यावे लागेल.