आडवे होणे आणि वेगळे होणे

‘वर्ग’ या शब्दाला मराठीत तीन घरे आहेत. शाळेचा वर्ग, समाजातला वर्ग आणि आगगाडीचा वर्ग. साहित्याचा विद्यार्थी पहिल्या घरात बसून दुसऱ्या घराविषयी शिकतो. तिसऱ्या घराकडे समीक्षेचे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः समाजातला वर्ग तिकिटावर जितका उघडपणे छापलेला असतो तितका तो अन्यत्र क्वचितच दिसतो. गांधीजींनी १९१७ साली भारतीय रेल्वेच्या तिसऱ्या वर्गावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, ती उगाच नव्हे. पुढे १९७४ मध्ये रेल्वेने ‘तिसरा वर्ग’ हे नाव काढून टाकले. विमानकंपन्या या बाबतीत अधिक चतुर निघाल्या. त्यांनी क्रमांकच टाळले. ‘इकॉनॉमी’ म्हणजे काटकसर, म्हणजे सद्गुण. ‘बिझनेस’ म्हणजे काम, म्हणजे सबब. ‘प्रीमियम’ म्हणजे थोडे अधिक, पण कशाहून अधिक ते सांगायचे नाही.

या नावांच्या आड जी व्यवस्था उभी आहे तिच्यातील एकाच वस्तूविषयी येथे लिहायचे आहे. ती वस्तू म्हणजे लांब पल्ल्याच्या विमानात पूर्ण सपाट होऊन बिछान्याचे रूप घेणारे आसन. असे आसन कसे निवडावे यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत, विशेषतः इंग्रजीत, अमाप लेखन झाले आहे. त्याचे संकेत आता इतके पक्के झाले आहेत की त्याला स्वतंत्र लेखनप्रकार मानायला हरकत नाही. ओळीत आसने किती आणि कशी मांडली आहेत. खिडकीलगतच्या प्रवाशाला शेजाऱ्याला न ओलांडता बाहेर पडता येते की नाही. स्वयंपाकाची जागा आणि स्वच्छतागृह किती जवळ आहे. पाय ठेवण्यासाठी पुढच्या आसनाखाली केलेला कोनाडा अरुंद आहे की ऐसपैस. पहिल्या ओळीत तो मोठा मिळतो का. खांद्याशी जागा पुरते का. आणि शेवटी, दार आहे का. हा मजकूर उपयुक्त आहे यात शंका नाही. सहा फुटी माणसाला कोनाड्याचे माप आधी कळणे ही सोयच आहे.

परंतु हे आजचे प्रवासवर्णन आहे असे समजून ते वाचले तर एक गोष्ट खटकते. त्यात माणसे नाहीत. सहप्रवासी येतो तो अडथळा म्हणून: त्याचे गुडघे, त्याचा खोकला, त्याने उघडी ठेवलेली खिडकी. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले, त्या वाटचालीचे ‘माझा प्रवास’ आपण अभ्यासक्रमात वाचतो. त्या पुस्तकाचे सारे मोल वाटेत भेटलेल्या माणसांत आणि वाटेत ओढवलेल्या प्रसंगांत आहे. आसनपरीक्षणाच्या लेखनात वाट हीच अडचण असते. ती डोळे मिटून संपवायची असते. कमीत कमी प्रवास घडला तर प्रवास उत्तम झाला, असा हा विलक्षण निकष आहे.

तरीही केवळ एवढ्यावरून या आसनाला नावे ठेवणे सोपे आणि म्हणून अप्रामाणिक ठरेल. कष्टात पुण्य असते ही समजूत बहुधा कष्ट न करणाऱ्यांनी पसरवलेली आहे. रात्री आडवे होणे ही शरीराची साधी गरज आहे, चैन नव्हे. पंधरा-सोळा तास बसून राहिलेल्या माणसाच्या पायांना सूज येते, पाठ धरते. अमेरिकेत मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या साठी-सत्तरीच्या आईवडिलांना हे कुणी सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ न हलता प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. अर्थात मुळात तो धोका लहान असतो, आणि तो हालचाल न केल्याचा असतो, तिकिटाच्या वर्गाचा नव्हे. तेव्हा ज्याला परवडते त्याने आडवे व्हावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

माझा आक्षेप निराळा आहे. या आसनाच्या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू एकत्र बांधून विकल्या जातात. एक, आडवे होणे. दुसरी, वेगळे होणे. या आसनाचा इतिहास पाहिला तर दोन्हींमधला सांधा उघड दिसतो.

१९९० च्या दशकाच्या मध्यास ब्रिटिश एअरवेजने पहिल्या वर्गात पूर्ण सपाट बिछाना आणला आणि २००० साली तो बिझनेस वर्गात आणला. त्या काळात इतर अनेक कंपन्यांची आसने सपाट होत, पण तिरपी. प्रवासी रात्रभर घसरगुंडीवरून उतरावे तसा पायांकडे सरकत राही. ब्रिटिश एअरवेजची मांडणी आज पाहिली तर गमतीची वाटते. मोठ्या विमानांत एका ओळीत दोन-चार-दोन अशी आठ माणसे, आणि शेजारशेजारची आसने एकमेकांच्या उलट दिशांना तोंड केलेली. मधला पडदा वर करीपर्यंत समोर एक अनोळखी चेहरा. खिडकीजवळच्या प्रवाशाला रात्री उठायचे तर झोपलेल्या शेजाऱ्याचे पाय ओलांडणे भाग. म्हणजे आडवे होणे साधले होते, वेगळे होणे नव्हते.

पुढे सपाट बिछाना सर्वत्र झाला आणि स्पर्धेचा विषय बदलला. एक-दोन-एक अशी मांडणी आली, प्रत्येकाला स्वतंत्र वाट मिळाली, आसनांभोवती कवच चढले. २०१७ साली कतार एअरवेज आणि डेल्टा यांनी बिझनेस वर्गात दार बसवले. एअर इंडियाच्या २०२४ पासून धावणाऱ्या ए-३५० विमानांतही बिझनेसच्या आसनांना सरकते दार आहे. बिछान्याची लांबी मात्र या सगळ्या काळात फारशी बदलली नाही. सहा ते साडेसहा फूट. माणसाच्या उंचीपलीकडे लांबी वाढवून उपयोग काय? लांबीची गरज पुरी होण्यासारखी असते. भिंतीची गरज पुरी होत नाही. कालच्या भिंतीपेक्षा आजची उंच लागते.

ही वस्तू आपल्या समाजाला अपरिचित नाही. ‘मला कुणाचा स्पर्श नको’ या इच्छेला आपल्याकडे सोवळे असे नाव होते, आणि त्या नावाने किती माणसांना दूर ठेवले गेले हे मराठी साहित्याच्या वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. विमानातील दार म्हणजे सोवळे, असे सरळ समीकरण मी मांडत नाही. एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रीला, आजाऱ्याला, तान्ह्या मुलाच्या आईला आडोसा हवा असतो आणि तो हवाच. पण आडोसा आणि अलगपणा यांत फरक आहे. आडोशाची गरज सांगता येते. अलगपणाची फक्त किंमत सांगता येते.

आडवे होणे आणि वेगळे होणे यांची फारकत करता येते, याचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. आपल्या स्लीपरच्या डब्यात ती रोज रात्री घडते. खालचा, मधला आणि वरचा असे तीन बर्थ. मधला उघडायचा तर खालच्या बाकावर बसलेल्यांनी उठले पाहिजे. म्हणून नियम असा की रात्री दहा ते सकाळी सहा तो उघडावा. येथे झोपणे हाच मुळी सामुदायिक निर्णय असतो. कुणाला दिवा हवा असतो, कुणाला नको असतो. कुणाचा डबा अजून उघडलेला असतो. या कटकटीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण काही शे रुपयांत माणसाला हातपाय ताणून झोपता येते. विमानात जी गोष्ट सर्वोच्च ऐष म्हणून विकली जाते ती जमिनीवर आपण सामान्य प्रवाशाचा हक्क म्हणून कधीच मान्य केली आहे.

त्या हक्काला एका मराठी प्राध्यापकाचा हात लागला आहे. मधू दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत, राजापूरमधून लोकसभेवर निवडून जात, आणि १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. तोवर दुसऱ्या वर्गाचा बर्थ म्हणजे उघडी लाकडी फळी होती. दंडवत्यांनी तिच्यावर दोन इंचांचा फोम चढवण्याचे काम सुरू केले. त्याच १९७७ च्या डिसेंबरात मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तिच्यात पहिला वर्गच ठेवला नव्हता. वरच्याला खाली ओढण्यापेक्षा खालच्याची फळी मऊ करावी, हा त्या दोन इंचांमागचा विचार होता. भारतीय समाजवादाने केलेल्या सगळ्या घोषणांपेक्षा ते दोन इंच अधिक लोकांच्या पाठीला लागले असतील.

गीतांजलीसमोर आता एक विमान ठेवून पाहावे. सिंगापूर एअरलाइन्स २०१८ पासून सिंगापूरहून न्यूयॉर्क परिसरात थेट उड्डाण करते. अंतर पंधरा हजार किलोमीटरांहून अधिक, वेळ अठरा तासांच्या आसपास. जगातील सर्वांत लांब नियमित उड्डाणांपैकी हे एक. या विमानात बिझनेसची ६७ आणि प्रीमियम इकॉनॉमीची ९४ अशी एकूण १६१ आसने आहेत. साधी इकॉनॉमी नाही. त्याच कंपनीच्या त्याच जातीच्या विमानांत लांब पल्ल्यासाठी एरवी २५३ आसने असतात. यामागे दुष्टावा नाही, हिशेब आहे: इतक्या दूर जायचे तर इंधन अधिक लागते, वजन कमी ठेवावे लागते, आणि कमी माणसांकडून अधिक भाडे घ्यावे लागते. तरी चित्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. एका गाडीत पहिला वर्ग नव्हता. या विमानात शेवटचा वर्ग नाही. सामान्य प्रवाशाने हे अंतर तुकड्यातुकड्यांनी कापावे, असाच त्याचा अर्थ.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण विद्यार्थ्यांना काटकसरीचा धडा म्हणून शिकवतो. विमानाच्या संदर्भात ती वाचली तर तिच्यातील एक गृहीत उघडे पडते. अंथरूण लहान असेल, पण प्रत्येकाकडे आहे, असे ती म्हण धरून चालते. इकॉनॉमीत पुढच्या आणि मागच्या आसनांतील अंतर साधारण ३१-३२ इंच असते. तेथे पाय किती पसरावे हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण पाहायला अंथरूणच नसते.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की विमान म्हणजे आगगाडी नव्हे. धक्का बसला तर प्रत्येकाला पट्ट्याने बांधून ठेवावे लागते. निम्मी दारे बंद धरून नव्वद सेकंदांत सगळे विमान रिकामे होऊ शकते हे सिद्ध करावे लागते. तेथे तीन मजली बर्थ कसे लावणार? हे खरे आहे. पण प्रयत्न अशक्य नाहीत. एअर न्यूझीलंडने इकॉनॉमीतील तीन आसने जोडून पलंग करण्याची सोय २०१० च्या सुमारास मांडली, आणि २०२० साली इकॉनॉमीच्या प्रवाशांसाठी सहा निजण्याच्या खणांची रचना जाहीर केली. ते खण वेगळे पैसे भरून चार-चार तासांच्या पाळीने मिळावेत अशी कल्पना होती. गिरणगावातल्या खोल्यांत कामगार पाळीपाळीने झोपत, त्याची आठवण व्हावी अशी ही योजना. तरी प्रश्न योग्य दिशेने विचारला गेला, हे मानले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की पुढच्या प्रवाशांच्या महागड्या तिकिटांमुळे मागची तिकिटे स्वस्त राहतात. पैशांच्या हिशेबात यात तथ्य आहे. पण जागेचाही हिशेब असतो. ब्रिटिश सरकारच्या उत्सर्जन मोजण्याच्या पद्धतीत लांब पल्ल्याच्या बिझनेस प्रवाशाच्या वाट्याला इकॉनॉमीच्या प्रवाशाच्या जवळपास तिप्पट धूर धरला जातो, तो मुख्यतः त्याने व्यापलेल्या जागेमुळे. तेव्हा पुढचा प्रवासी मागच्याला पोसतो हे अर्धे वाक्य झाले. उरलेले अर्धे वाक्य तापलेल्या हवेत लिहिले जाते, आणि त्याची किंमत विमानात कधीच न बसलेली माणसेही भरतात.

२००९ च्या सप्टेंबरात, सरकारी काटकसरीच्या मोहिमेच्या वेळी, तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री आणि लेखक शशी थरूर यांनी इकॉनॉमीसाठी ‘कॅटल क्लास’ हा शब्द ट्विटरवर वापरला आणि गदारोळ झाला. शब्द त्यांचा नव्हता. इंग्रजीत तो रुळलेला होता. एका पत्रकाराच्या प्रश्नातला शब्द त्यांनी उत्तरात उचलला, एवढेच. चर्चा झाली ती मंत्र्याच्या उद्धटपणाची. माणसाला गुरासारखे कोंबणारी व्यवस्था उद्धट की तिला गुरांचे नाव देणारा उद्धट, हा भाषेच्या अभ्यासकाने विचारायचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

आपल्यापैकी अनेकांना परिसंवादाचे निमंत्रण येईल, मुले तिकीट पाठवतील, कधी साठवलेले गुण कामी येतील, आणि पुढच्या आसनावर बसण्याची वेळ येईल. तेव्हा खुशाल बसावे आणि आडवे व्हावे. कोनाड्याचे माप पाहावे, स्वच्छतागृहापासून दूरची ओळ घ्यावी. मात्र आपण नेमके काय विकत घेतले याचे भान ठेवावे. झोप घेतली असेल तर ती गरज होती. दार घेतले असेल तर ते कशासाठी, हे स्वतःला विचारावे. उड्डाण करताना आणि उतरताना विमानातील प्रत्येक आसन नियमानुसार ताठ करावे लागते. जमिनीच्या जवळ असताना सगळे सारखेच बसलेले असतात. फरक पडतो तो मधल्या काळोख्या तासांत, दिवे मंद झाल्यावर. त्या तासांत मागे बसलेल्या दोन-अडीचशे माणसांना दोन इंच कसे मिळतील हा दंडवत्यांचा प्रश्न आकाशात अजून कुणी नीट सोडवलेला नाही.