पलटणीला घर द्या

प्रो कबड्डी लीगचा बारावा हंगाम 29 ऑगस्टला सुरू झाला आणि 31 ऑक्टोबर 2025 ला संपला. सामने झाले विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. लीगमध्ये महाराष्ट्राचे दोन संघ आहेत, यू मुम्बा आणि पुणेरी पलटण. पलटण तर थेट अंतिम सामन्यापर्यंत गेली. पण अख्ख्या हंगामात महाराष्ट्राच्या मातीवर, म्हणजे आजच्या भाषेत मॅटवर, एकही सामना झाला नाही.

हे राज्य हुतूतूचे आहे. इथल्या व्यायामशाळांनी आणि मंडळांनी या खेळाला नियमात बसवले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनला जाऊन जगाला तो करून दाखवला. बुवा साळवींनी त्यासाठी आयुष्य घातले. आजही आमच्या नाशिक जिल्ह्यात जत्रेच्या, जयंतीच्या निमित्ताने रात्री उशिरापर्यंत हॅलोजनच्या उजेडात सामने चालतात आणि माणसे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून बघतात. अशा राज्यातल्या प्रेक्षकाला लीगने काय सांगितले? टीव्ही लावा.

लीग कशी सुधारेल यावर चाहत्यांमध्ये नेहमी चर्चा चालते. कुणी म्हणते, तिसऱ्या चढाईला ‘करो या मरो’ असल्यामुळे आधीच्या दोन चढाया रिकाम्या जातात, ते बदला. कुणाला बोनस रेषेबद्दल तक्रार आहे. आयोजकही नियमांवरच हात फिरवत राहतात. या हंगामात त्यांनी साखळी सामन्यांतली बरोबरीच काढून टाकली. सामना बरोबरीत सुटला की टायब्रेकर. ठीक आहे, माझे त्यावर भांडण नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की लीगचा आजार नियमांत नाही. संघांना घर नाही, हा आजार आहे. आणि जोवर तो बरा होत नाही तोवर बाकीचे उपाय म्हणजे मोडलेल्या पायाला मेंदी लावणे.

थोडा हिशेब मांडतो. 2014 मध्ये आठ संघांनी लीग सुरू झाली तेव्हा काफिला एकेका संघाच्या शहरात जायचा आणि त्या शहराचा संघ काही दिवस आपल्या लोकांपुढे खेळायचा. पहिला सामना मुंबईच्या वरळीत झाला होता. 2015 मध्ये यू मुम्बाने अंतिम सामना मुंबईतच जिंकला. 2017 पासून संघ बारा झाले. मग कोविड आला, आठवा हंगाम बंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांशिवाय उरकला. ती मजबुरी होती, समजू शकतो. पण कोविड गेला आणि मजबुरीची सवय झाली. नववा हंगाम बंगळुरू, पुणे, हैदराबाद आणि बाद फेरीसाठी मुंबई. दहाव्या हंगामात पुन्हा बाराही शहरांत काफिला फिरला, लोकांना वाटले गाडी रुळावर आली. अकराव्यात परत तीन शहरे, बाराव्यात चार.

या चार शहरांमुळे बारापैकी चारच संघांना घरचे प्रेक्षक मिळाले. उरलेले आठ संघ पूर्ण हंगाम पाहुणे म्हणून खेळले. अंतिम सामना दिल्लीत, दिल्लीच्या संघाविरुद्ध. पलटण 28-31 ने हरली. तीन गुणांचा फरक. दिल्लीचा संघ चांगला खेळला, त्यांच्या विजयावर मला शंका घ्यायची नाही. पण शेवटच्या मिनिटांत चढाईपटूच्या कानात कुणाचा आवाज पडतो, याला कबड्डीत किंमत असते हे दम धरून खेळलेल्या कुणालाही विचारा. आठ संघांना हा आवाज द्यायचाच नाही आणि स्पर्धा समान आहे म्हणायचे, हे पटत नाही.

पलटणीचे नशीब तर बघण्यासारखे आहे. 2022 चा अंतिम सामना ती मुंबईत जयपूरकडून हरली. 1 मार्च 2024 ला पहिल्यांदा विजेती झाली, तीही हैदराबादेत. 2024 च्या डिसेंबरात अंतिम सामना अखेर पुण्यात आला, तर मैदानात हरियाणा आणि पाटणा.

असे का होते? कारण लीग ज्यांची आहे, प्रक्षेपणही त्यांचेच आहे. लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये स्टारने 2015 साली 74 टक्के हिस्सा घेतला. 2021 ते 2025 या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क 908 कोटींना गेले, तेही स्टारकडेच. टीव्हीवाल्याला काय लागते? एक छत, कायमचे बसवलेले कॅमेरे, दर रात्री ठरलेल्या वेळी दोन-तीन सामने. मॅट विशाखापट्टणमला आहे की वाशिमला, याने त्याच्या चित्रात फरक पडत नाही. त्याच्या हिशेबात स्टँडमधला माणूस म्हणजे पाठीमागचा पडदा. अशा माणसाच्या हातात लीग सोपवली की ती हळूहळू स्टुडिओत जाऊन बसणार.

आयोजकांची बाजूही आहे. बारा शहरे म्हणजे बारा वेळा सगळा लवाजमा हलवायचा. खर्च वाढतो, खेळाडू प्रवासाने थकतात. हे खोटे नाही. पण दहाव्या हंगामात हेच करून दाखवले होते, तेव्हा कुणी मेले नाही. आणि थकव्याचे म्हणाल तर तेव्हा प्रत्येक संघ साखळीत 22 सामने खेळायचा, आता 18 खेळतो. सामने कमी झाले, मग प्रवासाला सवड वाढली की घटली? अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये एक संघ साखळीत 82 सामने खेळतो, त्यातले बहुतेक वेळा निम्मे, 41, आपल्या घरी. तिथेही टीव्हीचा पैसा प्रचंड आहे, पण म्हणून लॉस एंजलिसच्या संघाला कुणी वर्षभर दुसऱ्याच्या गावात खेळायला सांगत नाही. जर्मनीच्या फुटबॉलमध्ये तर नियमच आहे की, मोजके अपवाद सोडले तर, क्लबमधली निम्म्याहून जास्त मते सभासदांच्या हातात राहिली पाहिजेत. पैसेवाला आत येऊ शकतो, मालक होऊन चाहत्याला बाहेर काढू शकत नाही. आपल्याकडे चाहत्याला मत नाही, घर नाही, फक्त रिमोट आहे.

नाशिककरांना हा अनुभव नवा नाही. क्रिकेटच्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये 2023 पासून ईगल नाशिक टायटन्स नावाचा संघ आहे. नाव नाशिकचे, मैदान गहुंज्याचे. पहिल्याच वर्षी अर्शीन कुलकर्णीने पुणेरी बाप्पाविरुद्ध 54 चेंडूंत 117 धावा कुटल्या, तेरा षटकार मारले. नाशिकच्या संघासाठी एवढी मोठी खेळी झाली आणि नाशिकने ती पडद्यावर पाहिली. आमच्याकडे अनंत कान्हेरे मैदान आहे, तिथे रणजीचे सामने होतात. रणजी चालते, मग लीगचे दोन सामने का चालत नाहीत? गावाचे नाव जर्सीवर छापायला चालते, गावात यायला चालत नाही.

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो सांगतो. पहिले विजेतेपद मिळवले तेव्हा पलटणीचा कर्णधार होता अस्लम इनामदार. नगर जिल्ह्यातल्या साध्या घरातला पोरगा. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इराणला हरवून सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता आणि त्याच्यासोबत आमच्या नाशिकचा आकाश शिंदेही होता. दोघे पलटणीतच मोठे झाले. अस्लमने चषक उचलला त्या रात्री आमच्या मोहल्ल्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘अपना अस्लम’ म्हणून मुबारकबादीचा पाऊस पडला. आनंद होणारच. पण मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते की अस्लमला फक्त ‘आपला’ करून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तो नगरचा आहे, पलटणीचा आहे, महाराष्ट्राचा आहे. त्याच्यासाठी ओरडायला सगळा महाराष्ट्र एका छताखाली हवा होता. आम्ही वडाळा गावात आणि चौक मंडईत आपापल्या टीव्हीसमोर ओरडलो, आडगाव आणि सिडकोतले लोक त्यांच्या टीव्हीसमोर ओरडले. एकाच संघाचे चाहते आणि एकमेकांचा आवाज कानावर नाही.

शहरे कशी वाटली जात आहेत हे वेगळे सांगायला नको. घर भाड्याने घेताना नाव विचारतात, शाळा वेगळ्या होत चालल्या आहेत. अशा वेळी जिथे अनोळखी माणूस शेजारी बसतो आणि सुपर टॅकल झाला की खांद्यावर हात टाकतो, अशा जागा किती उरल्या? मुसलमानाच्या निष्ठेची परीक्षा क्रिकेटच्या एका सामन्यावर घेणाऱ्यांनी कधी यू मुम्बाच्या स्टँडमध्ये बसून पाहायला हवे होते. फजल अत्राचली हा इराणी बचावपटू मुंबईचा कर्णधार होता. मराठी पोरे त्याला ‘सुलतान’ म्हणत डोक्यावर घ्यायची. आपला कोपरा राखतो तो आपला, एवढाच त्यांचा कायदा. हे टीव्हीने घडवलेले नाही, स्टँडने घडवले आहे.

आमच्यातल्या काही बुजुर्गांना खेळ म्हणजे वेळेची नासाडी वाटते. त्यांना अदबीने सांगतो, पोरे रात्री नऊ वाजता मोबाइलवर कबड्डी पाहतच आहेत. ती एकटी पाहावीत की शहरासोबत, एवढाच प्रश्न आहे.

तर चाहत्यांच्या मागण्या काय असाव्यात? मी चार मांडतो.

पहिली, प्रत्येक संघाला साखळीतले किमान सहा सामने आपल्या राज्यात. अठरापैकी सहा, म्हणजे एक तृतीयांश. निम्मे मागत नाही.

दुसरी, त्या सहापैकी दोन-तीन सामने राज्यातल्या दुसऱ्या शहरात. पलटणीने एक शनिवार-रविवार नाशिकला किंवा कोल्हापूरला द्यावा, मुम्बाने ठाण्याला किंवा रत्नागिरीला. कबड्डीला तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद जागा लागते, क्रिकेटसारखे शेतभर मैदान लागत नाही. पंचवटीत मीनाताई ठाकरे इनडोअर स्टेडियम उभे आहे. लहान शहरात जमत नाही म्हणणाऱ्यांनी 2017 आठवावे. बंगळुरू बुल्सला आपल्या शहरात स्टेडियम मिळाले नाही तेव्हा त्यांचे ‘घरचे’ सामने नागपूरला झाले होते. बंगळुरूचे घर नागपुरात होऊ शकते, तर पुण्याचे घर नाशकात का नाही? पुण्याचा शेवटचा सामना रात्री दहाच्या पुढे संपला तर सव्वादोनशे किलोमीटर येऊन आम्ही पहाटे घरी पोचतो. मजुरी करणारा हे करू शकत नाही. आमच्या बायका-मुली तर नाहीच नाही. पंचवटीला मात्र त्या रिक्षाने जातील.

तिसरी, बायकांची लीग. 2016 मध्ये तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज प्रो कबड्डीसोबत खेळवली गेली आणि तिथेच थांबली. 2025 च्या नोव्हेंबरात भारतीय मुलींनी ढाक्यात विश्वचषक जिंकला. जगज्जेत्या मुलींना अजून स्वतःची कायमची लीग नाही, याची आयोजकांना नाही तरी आपल्याला लाज वाटायला हवी.

चौथी, घडवलेला खेळाडू टिकवण्याची सोय. लिलावात आकाश शिंदे पलटणीतून बंगळुरूला गेला. खेळाडूला जास्त पैसे मिळावेत, जरूर मिळावेत. पण जो संघ आपल्या राज्यातले पोर घडवतो त्याला ते राखायला लिलावाच्या रकमेत सवलत द्या. नाहीतर दर वर्षी नव्या अकरा अनोळखी माणसांवर प्रेम करायला सांगताय.

प्रक्षेपणाचा तो पाच हंगामांचा करार बाराव्या हंगामाबरोबर पुरा झाला. बोलायची वेळ हीच आहे. पुढच्या करारात किती सामने कुठल्या शहरात, हे कलम आधी लिहिले गेले पाहिजे आणि मग रक्कम. हे काम टीव्हीवाले आपण होऊन करणार नाहीत. पलटण आणि मुम्बाच्या मालकांनी ते मागायला हवे, महाराष्ट्र कबड्डी असोसिएशनने त्यांच्या मागे उभे राहायला हवे, आणि त्या दोघांना जागे करायला तालीम-मंडळांनी पत्रे लिहायला हवीत. मंडळाच्या लेटरहेडवर, अध्यक्ष-सचिवाच्या सहीने. वडाळ्याच्या मंडळाने लिहावे आणि आडगावच्याही. दोन्ही पत्रे एकाच पाकिटात गेली तर फारच उत्तम. पुढच्या हंगामाचे वेळापत्रक छापून आल्यावर ओरडून काही मिळत नाही, हा गेल्या तीन वर्षांचा धडा आहे.