घरगुती शास्त्र : दूरच्या खोलीची ऊब

गेल्या पौषांत इंग्लंडमध्यें लीड्स येथें माझ्या भाच्याच्या घरीं कांहीं दिवस राहण्याचा योग आला. माझी वडील बहीण, जिला आम्ही सारे आक्का म्हणतों, ती आधींच तेथें गेलेली होती. तिचें वय त्र्याहत्तर. जिना चढण्याचा त्रास नको म्हणून मुलानें तिला तळमजल्यावरची, घराच्या मागच्या टोंकाची खोली दिली होती. पहिल्याच सकाळीं मी तिच्याकडे गेलों, तों ती शालीवर मुलाचा कोट घालून बसलेली! विचारतांच म्हणाली, "अरे, थंडीचाच देश, थंडी असायचीच. त्याला कांहीं बोलूं नकोस. गॅसचें बिल पाहून तो आधींच काळजींत आहे."

मीं दोन्हीकडे उष्णतामापक ठेवून पाहिलें. दिवाणखान्यांत २१ अंश सेल्सिअस, आणि आक्काच्या खोलींत १४. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं निवासाविषयीं प्रसिद्ध केलेल्या सूचनांत, थंडीच्या दिवसांत घरांतील तपमान १८ अंशांच्या खालीं जाऊं नये असें सांगितलें आहे. वृद्धांस व मुलांस याहूनही अधिक ऊब लागण्याचा संभव आहे, असेंही तींत म्हटलें आहे. थंडीनें रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो व हृदयावर ताण पडतो. तेव्हां ही केवळ सुखसोयीची गोष्ट नव्हती.

भाच्याला सांगितलें, तेव्हां तो कळवळून म्हणाला, "मामा, बॉयलरचा आंकडा मीं ८० अंशांवर नेऊन ठेवला आहे. आतां आणखी काय करूं?"

त्याच्या कर्तव्यबुद्धींत उणें नव्हतें. चूक होती ती निदानांत. तिकडील बहुतेक घरांत ऊब मिळते ती अशी: बॉयलरमध्यें तापलेलें पाणी पंपानें नळांतून खोलोखोलीं फिरतें. प्रत्येक खोलींत लोखंडी पत्र्याचें एक चपटें पात्र असतें; त्यास रेडिएटर म्हणतात. पाणी एका बाजूनें आंत शिरतें, आपली उष्णता खोलीस देतें व दुसऱ्या बाजूनें बॉयलरकडे परततें. आतां पाण्याचा स्वभाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. वाट सोपी दिसेल तिकडे तें धांवतें. पुण्यांत एकाच टाकीवर चार बिऱ्हाडें असलीं आणि तळमजल्याचे नळ सताड सुटले, कीं वरच्या मजल्यावरील नळाची धार करंगळीएवढी होते. त्याचप्रमाणें बॉयलरजवळचा रेडिएटर पाणी भराभर ओढून घेतो आणि शेवटच्या खोलीस उरलेंसुरलें पोंचतें.

यांत आणखी एक मेख आहे. खोली पुरेशी तापली कीं बॉयलर बंद करणारा थर्मोस्टॅट भाच्याच्या दिवाणखान्यांत होता, आणि दिवाणखाना बॉयलरला लागून. तो वीस मिनिटांत उबदार होई. थर्मोस्टॅटला वाटे, सारें घर तृप्त झालें. आणि आक्काची खोली नुकती कोमट होऊं लागते न लागते तोंच बॉयलर विझे. अशा स्थितींत पाणी अधिक कढत केल्यानें दिवाणखानाच आधीं तापणार! शिवाय हल्लींचे बॉयलर धुरांतील वाफेचें पुन्हां पाणी करून तींतील उष्णता वांचवितात. परत येणारें पाणी सुमारें ५५ अंशांच्या खालीं असलें तरच हें साधतें. ८० अंशांचा हव्यास धरल्यानें तीही बचत बुडाली होती.

उपाय होता तो जवळच्यांना आवरण्याचा. आम्हीं प्रथम बॉयलर बंद करून सर्व रेडिएटर थंड होऊं दिले व छोट्या किल्लीनें त्यांच्या माथ्यावरील फिरकी किंचित् सैल करून आंत कोंडलेली हवा काढली. हवा सुसकारत निघते. पाण्याचे थेंब दिसतांच फिरकी आवळावी. या कामानें नळांतील दाब उतरतो, म्हणून बॉयलरवरील कांटा पाहून तो पूर्ववत् करावा.

रेडिएटरला खालीं दोन तोट्या असतात. एक नित्य हातानें फिरविण्याची. दुसरी प्लॅस्टिकच्या टोपीखालीं झांकलेली, तिला लॉकशील्ड म्हणतात. घरांतील कोणी तिच्याकडे पाहत नाहीं, आणि सारें मर्म तींतच आहे. आम्हीं सर्व तोट्या पूर्ण उघडल्या, बॉयलर लावला आणि कोणता रेडिएटर कितव्या क्रमानें तापतो तें वहींत टिपलें. दिवाणखान्याचा पहिला, आक्काचा अर्थातच शेवटचा. मग पहिल्याची लॉकशील्ड तोटी पान्यानें पूर्ण बंद करून केवळ पाव फेरा उघडली. येणाऱ्या व जाणाऱ्या नळावर एकेक उष्णतामापक अडकवून दोहोंतील फरक पाहिला. फरक फार थोडा असेल तर पाणी घाईनें, उष्णता न देतांच परततें आहे असें समजावें व तोटी आणखी आवळावी. फार मोठा असेल तर पाणी अपुरें, म्हणून ती थोडी सैल करावी. जुन्या पद्धतीच्या रचनेंत हा फरक ११-१२ अंश धरतात, नव्या बॉयलरांना वीसपर्यंतही चालतो. मुख्य गोष्ट ही कीं तो सर्व खोल्यांत सारखा यावा. प्रत्येक फेरफारानंतर कांहीं मिनिटें थांबावें. याप्रमाणें तापण्याच्या क्रमानें पुढें जावें आणि शेवटचा रेडिएटर पूर्ण उघडा ठेवावा. प्रत्येक तोटी किती फेरे उघडी आहे तें लिहून ठेवावें, म्हणजे पुढें दुरुस्ती झाल्यावर पुन्हां आरंभ करावा लागत नाहीं.

दोन इशारे देतों. रेडिएटर वर तापून खालीं थंडच राहत असेल, तर बहुधा आंत लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ बसलेला असतो. तो धुवून काढल्यावांचून तोट्या फिरवून उपयोग नाहीं. आणि बॉयलरच्या आवरणास आपण कधींही हात लावूं नये. गॅसचें काम तेथील कायद्यानें नोंदणी झालेल्या कारागिराचेंच आहे.

सारा रविवार या कामांत गेला. बॉयलरचा आंकडा आम्हीं ६५ वर आणला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं दिवाणखान्यांत २० अंश होते आणि आक्काच्या खोलींत १९. तिनें कोट मुलाला परत दिला आणि म्हणाली, "एवढें सोपें होतें, तर मीं आधींच सांगितलें असतें रे!" भाच्याच्या डोळ्यांत पाणी आलें. तो इतकेंच म्हणाला, "आई, तूं सांगायला हवें होतेंस."

मला मात्र वाटतें, विचारावयास आपणच हवें होतें. आपल्यापैकीं अनेकांचे आईबाप हिंवाळ्यांत परदेशीं मुलांकडे असतात. फोनवर तीं "आम्ही बरीं आहों" असेंच म्हणणार. त्यांच्या उशाशीं एक उष्णतामापक ठेवावयास सांगा, आणि सकाळीं प्रकृति विचारण्याआधीं त्याचा आंकडा विचारा. दिवाणखान्यांतील थर्मोस्टॅटला मागच्या खोलीची थंडी समजत नसते.