जुगाड म्हणून टाळ्या वाजवू नका

तो व्हिडिओ मला या महिन्यात चार ग्रुपवरून आला. त्यातले दोन ग्रुप आपल्याच माजी सैनिकांचे. रणाच्या कडेने एक जुना छकडो धडधडत चाललाय, वर माणसं आणि चाऱ्याचे भारे असे रचलेत की चालवणारा दिसतसुद्धा नाही. खाली ओळ, ‘इंडियन जुगाड, जगात तोड नाही’, पुढे तिरंगा आणि टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे दोन जुने सीनियर आहेत, म्हणून इतके दिवस गप्प होतो.

सर, माफ करा, पण या टाळ्या मला पटत नाहीत.

आपल्या गावाकडे छकडा म्हणजे बैलांची हलकी गाडी. कच्छ-सौराष्ट्रात छकडो म्हणजे पुढून बुलेट आणि मागून हातगाडीचा थोरला भाऊ. बुलेटसारखी टाकी, हँडल, दिवा, पुढे एक चाक. मागे दोन चाकांवर लाकडी-लोखंडी हौदा. पूर्वी यात बुलेटचंच पेट्रोल इंजिन असायचं, मग एका सिलिंडरचं डिझेल आलं. रस्ता असो, नदीचं कोरडं पात्र असो की बन्नीतली खारी माती, तो जातो. दूध, पाण्याची पिंपं, चारा, लग्नाचं वऱ्हाड, सगळं नेतो. त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. चीड येते ती त्या एका शब्दाची.

भुजच्या पोस्टिंगमध्ये माझ्या बुलेटचा क्लच घसरायला लागला आणि कुणीतरी खावडा रस्त्यावरच्या एका टपरीवजा गॅरेजचं नाव सांगितलं. छकडो दुरुस्त करणारा माणूस बुलेटही करतो, कारण पुढचं अर्धं अंग तेच. मिस्त्री साठीच्या पुढचे. फौजी सवयीने मी त्यांना उस्ताद म्हणायला लागलो, ते मला साहेब. त्या दिवशी माझ्या आधी एक छकडो उभा होता. मालक मालधारी, घाईत. गाडी काळा धूर ओकते, चढाला दम तोडते, सकाळी चालूच होत नाही. त्याच्या मते इंजिन गेलं होतं, नवीन टाका.

उस्तादांनी अर्धा तास पान्याला हात लावला नाही. नुसते प्रश्न. धूर गार असताना जास्त की गरम झाल्यावर? तेल किती दिवसांत कमी होतं? मग त्यांनी फ्लायव्हील हाताने फिरवून बघितलं. कॉम्प्रेशनवर आल्यावर ते उसळी मारून मागे येतं की मऊपणे निसटतं, हे तळहाताला कळतं. उसळी होती. म्हणजे रिंगा बऱ्या होत्या, इंजिन गेलेलं नव्हतं. नंतर एअर फिल्टर उघडला. हा तेलाच्या भांड्याचा फिल्टर. हवा तेलावरून जाते आणि धूळ तेलात बसते. भांड्यात तेल नव्हतंच, रणाच्या धुळीचा काळा लगदा होता. इंजिन श्वास कुठून घेणार? काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, हे आपल्या पहिल्या एम.टी. कोर्सला शिकवतात आणि आपण विसरतो. इंजेक्टर काढून बाहेर उडवून पाहिला. तुषार हवा, तिथे थेंब गळत होते. नोझल बदललं. व्हॉल्वचं अंतर पत्र्याच्या गेजने लावलं. पाइपातली हवा काढली. दोरी गुंडाळून ओढली, दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं आणि धूर जवळजवळ नाहीसा.

मालक पैसे काढू लागला. उस्तादांनी इंजिन बंद केलं आणि मागचं चाक खोललं.

ड्रममध्ये ब्रेकचे लायनर तेलाने माखलेले. ॲक्सलचं ऑइल सील फुटून तेल आत येत होतं. मालक म्हणाला, ब्रेक पुढच्या वेळी, दूध नासतंय. उस्ताद म्हणाले, “आजवर ओढत नव्हता म्हणून वाचलास. आता ओढेल. ब्रेकशिवाय देणार नाही.” भांडण झालं, कच्छीत, मला निम्मंच कळलं. शेवटी दूध दुसऱ्या छकड्यावर गेलं. सील आधी बदललं, लायनर नंतर, कारण उलट केलं असतं तर आठ दिवसांत नवे लायनरही तेलात. मग पुढचं चाक उचलून हँडलच्या बेअरिंगची खडखड काढली. संध्याकाळ झाली. माझ्या क्लचला दुसऱ्या दिवशी या म्हणाले.

याला तुम्ही जुगाड म्हणता? हे निदान आहे. हे पद्धतशीर मेंटेनन्स आहे. ई.एम.ई.च्या चांगल्या वर्कशॉपमध्ये याहून वेगळं काही होत नाही, फक्त तिथे छप्पर असतं आणि फॉर्म भरतात. जुगाड होतं ते मालकाचं, ब्रेक पुढच्या वेळी म्हणणं. आणि आपण टाळ्या वाजवतो त्या दुसऱ्यासाठी.

तीन चाकांचं एक गणित आहे. पुढे एक चाक असलं की गाडी त्रिकोणावर उभी असते आणि पुढचं टोक अरुंद. वळणावर ब्रेक मारला की भार पुढे आणि बाहेर, म्हणजे नेमका त्या अरुंद बाजूला जातो. वर चारा जितका उंच, तितकी उलटायची घाई. होंडाने 1970 साली अमेरिकेत फुग्यासारख्या टायरांची तीनचाकी आणली, वाळूत-चिखलात पळणारी. मागचा ॲक्सल सलग, वळायचं तर अंग झोकून वजन टाकायचं. लोक आणि विशेषतः मुलं इतकी जखमी होऊ लागली की 1988 साली तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाशी समझोता होऊन कंपन्यांनी नव्या तीनचाकी विकणंच थांबवलं. हौशी लोक जुन्या गाड्या अजूनही जीव लावून उभ्या करतात. करोत. पण त्रिकोण अमेरिकेतही त्रिकोणच असतो आणि बन्नीतही.

आता माझी गोष्ट, जी मी इथे कधी लिहिली नव्हती.

कॅप्टन असताना उत्तर बंगालच्या डोंगरात एका युनिटचा एम.टी.ओ. होतो. कॉन्व्हॉयमध्ये एका वन टनचा मागच्या चाकाचा ब्रेक पाइप फुटला. ड्रायव्हरने पाइप ठोकून चपटा केला, गळती थांबवली, उरलेल्या तीन चाकांच्या ब्रेकवर गाडी घरी आणली. योग्य केलं. रात्री, पावसात, तेच करायचं असतं. मी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ‘जुगाडू’ म्हणालो, मेसमध्ये किस्सा सांगितला. पाइपची मागणी गेली, आली नाही, मी पाठपुरावा केला नाही. गाडी चालत होती ना. रोजच्या फर्स्ट परेडला तेल, पाणी, हवा बघितली जात होती आणि कार डायरीवर सही माझीच. पाच महिन्यांनी ओल्या उतारावर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली गेली आणि नाल्यात गेली. ड्रायव्हर दुसराच होता, त्याला चपट्या पाइपची गोष्ट माहीतही नव्हती. त्याचा उजवा पाय गुडघ्यातून आजही वाकत नाही. चौकशीत माझा दोष ‘प्रशासकीय’ ठरला. दिवाळीला मी त्याला फोन करतो, तो “जय हिंद साहेब” म्हणतो आणि पायाचा विषय काढत नाही.

म्हणून सांगतो, तात्पुरती दुरुस्ती हा गुन्हा नाही. ती शौर्यकथा झाली की कायमची होते.

गरिबाला परवडत नाही हे मला कुणीतरी लिहीलच. त्या मालधाऱ्याला इंजिन बदलायला निघालेलं परवडत होतं, आणि लागलं काय, तर नोझल, सील, लायनर आणि एका दिवसाची मजुरी. निदान महाग नाही, घाई महाग आहे. दुसरे म्हणतील, मग असल्या जुन्या गाड्या भंगारातच काढा. तेही नको. पंचवीस वर्षांचा नीट राखलेला छकडो, ब्रेक न बघितलेल्या पाच वर्षांच्या गाडीपेक्षा मला चालेल. फक्त हौदा निम्मा रिकामा ठेवा आणि माणसं वरून उतरवा.

ग्रुपवरच्या निवृत्त मंडळींना, त्यातही ई.एम.ई.वाल्यांना, एक काम सांगतो. साताऱ्या-सांगलीकडे ऊस वाहतूक सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. तुमच्या गावातले ओळखीचे असतील. एक संध्याकाळ त्यांच्याकडे जा, हूक आणि त्याची पिन बघा, ब्रेक दाबून बघा, मागे पट्टी चिकटवा. ते तुमचं ऐकतील, नावामागे सुभेदार लागलंय.

उद्या युनिटमध्ये मेंटेनन्स डे आहे. मी एम.टी. पार्कात एक वही ठेवली आहे, त्यात फक्त तात्पुरत्या दुरुस्त्या लिहायच्या, तारखेसकट, आणि पक्कं काम झाल्यावरच नोंद खोडायची. आज तिच्यात तीन नोंदी आहेत. सर्वांत जुनी एकोणीस दिवसांची.